मोटरवाली बाबागाडी रोज वापरायची तर: खरेदीआधीच्या मोजमापापासून दुसऱ्याच्या हाती देईपर्यंत

आमच्याकडे मोटरवाली बाबागाडी आली तेव्हा पहिले काही दिवस सगळं घर तिच्या अ‍ॅपमध्ये डोकं घालून बसलं होतं. आज किती चाललो, बॅटरी किती टक्के, झुलवायचा वेग कमी की जास्त. मग एका संध्याकाळी फिरून परत येताना, घराजवळच्या लांब उतारावर बॅटरी संपली. तोपर्यंत मोटर गाडीला मागून धरून ठेवत होती, ते आम्हाला कधी जाणवलंच नव्हतं. ती गप्प झाली आणि बाळ, पिशव्या आणि गाडीचं सगळं वजन एकदम माझ्या मनगटांवर आलं. काही वाईट झालं नाही. हँडल घट्ट धरून, पाय रोवत, तिरकी-तिरकी करत गाडी खाली आणली. पण घरी पोचल्यावर पहिल्यांदा माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचून काढली.

म्हणून या लेखाचा क्रम थोडा उलटा वाटेल. मोटर बंद असताना ही गाडी कशी वागते ते आधी शिकायचं, मोटर नंतर चालू करायची.

ही गाडी नेमकं करते काय

मोटर बहुधा मागच्या चाकांपाशी असते, बॅटरी खाली सांगाड्यात. तुम्ही किती जोरानं ढकलताय, गाडी चढावर आहे की उतारावर, हे सेन्सर ओळखतात आणि मोटर तेवढी साथ देते. पेडल मारल्यावर मदत करणारी ई-सायकल चालवली असेल तर हा अनुभव ओळखीचा वाटेल. उतारावर काम उलटं होतं, मोटर वेग आवरते. हँडलवरून हात सुटला की गाडी थांबते, निदान थांबावी अशी रचना असते.

बॉश कंपनीनं बाबागाड्यांसाठी अशी मोटरप्रणाली आणली आणि स्वीडनच्या एमालयुंगा या बाबागाडी कंपनीनं ती आपल्या गाडीत बसवली. सायबेक्स कंपनीची ई-प्रायम ही गाडी याच जातीची. कॅनडातल्या ग्लूक्सकाइंड कंपनीची ‘एला’ २०२३ च्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात गाजली ती आपोआप चालते म्हणून. मात्र बातम्यांच्या मथळ्यांत एक गोष्ट बरेचदा राहून गेली. ही गाडी बिनहाताची चालते ती बाळ आत नसताना. बाळ रडून तुमच्या कडेवर आलं की रिकामी गाडी ढकलायला हात उरत नाही, त्या वेळेसाठी ही सोय. बाळ आत बसवून हात सोडून चालण्यासाठी नाही. कुठल्याही कंपनीची गाडी असो, हा फरक डोक्यात पक्का ठेवा.

बाबागाडी ओढायला दुसऱ्याला जुंपायची हौस तशी जुनीच. इंग्लंडात विल्यम केंट या वास्तुकारानं १७३३ मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी जी गाडी बनवली, ती बकरीनं किंवा छोट्या घोड्यानं ओढायची होती. पुढे १९६५ मध्ये विमानांच्या चाकयंत्रणेवर काम केलेल्या ओवेन मॅक्लारेननं अ‍ॅल्युमिनियमची हलकी, घडीची गाडी काढली आणि बाबागाडीचं वजन उतरवलं. आपण बॅटरी घालून ते पुन्हा चढवतोय. हे वजनच पुढच्या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी आहे.

पायरी १: घ्यायच्या आधी टेप आणि वजनकाटा काढा

साध्या हलक्या गाड्या सहा-सात किलोंपासून मिळतात. मोटरवाल्या बहुतेक १३ किलोंच्या पुढे सुरू होतात. कागदावर फरक सात किलोंचा, जिन्यात तो फार मोठा होतो. तेव्हा आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: तुमच्या दारापासून रस्त्यापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि लिफ्ट बंद पडली तर किती? रोज पायऱ्या चढाव्या लागणार असतील आणि रस्ता सपाट असेल, तर ही गाडी घेऊ नका. मी हे मोटरवाली गाडी वापरणारी बाई म्हणून सांगते आहे. सपाट, गुळगुळीत रस्त्यावर चांगल्या चाकांची साधी गाडी बोटानं ढकलली तरी जाते. तिथं मोटरला काम नसतं.

चढाचा हिशोब मात्र वेगळा. समजा गाडी १५ किलो, मूल १२ किलो, सामान ३ किलो, एकूण ३० किलो. दर दहा मीटरला एक मीटर उंची चढणारा रस्ता असेल, तर गाडी नुसती मागे येऊ नये एवढ्यासाठीच साधारण ३ किलो वजन पेलण्याइतका जोर सतत लावत राहावा लागतो. एका मिनिटाला काही वाटत नाही. वीस मिनिटं, तेही बाळंतपणानंतर पाठ आणि मनगटं दुखत असताना, खूप वाटतं. खडी, गवत, उखडलेला फुटपाथ असेल तर आणखी. तुमची रोजची वाट अशी असेल तर मोटर हवीच.

मोजायच्या गोष्टी: लिफ्टच्या दाराची रुंदी, घराच्या सर्वांत अरुंद दाराची रुंदी, कारची डिकी (घडी घातलेली गाडी चाकांसकट मोजा, चाकं काढून नव्हे, कारण पावसात चाकं कोणी काढत बसत नाही) आणि गाडी रात्री जिथं उभी राहणार ती जागा.

दुकानात चालवून बघताना विक्रेता मोटर चालू करून देईल. त्याला बंद करायला सांगा. मोटर बंद असताना चाकं मोकळी फिरतात का, की मोटरचा अडथळा हाताला जाणवतो? बॅटरी काढून टाकली तर पायानं दाबायचा ब्रेक चालतो का? चाललाच पाहिजे. एका हातानं घडी घालता येते का, दुसऱ्या हातात काहीतरी आठ-दहा किलोंचं धरून बघा. हा प्रयोग करताना लोक बघतात, बघू द्या.

कागदपत्रांत दोन गोष्टी शोधा. गाडीवर बाबागाड्यांच्या सुरक्षामानकाचा उल्लेख हवा, युरोपात ईएन १८८८, अमेरिकेत एएसटीएम एफ८३३. सांगाडा, ब्रेक, पट्टे, गाडी कलंडते का, या सगळ्याची परीक्षा त्यात होते. बॅटरीचं मानक वेगळं असतं. लिथियम बॅटरीनं यूएन ३८.३ ही वाहतुकीची चाचणी पार केलेली असावी. आणि बॅटरीवर वॉट-तास, म्हणजे तिच्यात किती वीज मावते तो आकडा, छापलेले आहेत का ते बघा. प्रवासात त्या एका आकड्यावर अडतं, त्याबद्दल पुढे.

पायरी २: पहिली संध्याकाळ, बाळाशिवाय

बॅटरी पूर्ण चार्ज करा, सोबत आलेल्या चार्जरनंच. तेवढ्या वेळात गाडी जोडा. चाकं ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा आणि मग ओढून बघा. घडी उघडल्यावर जी कडी अडकते ती नीट अडकली की नाही, हे डोळ्यांनी पाहण्यापेक्षा हँडल खाली दाबून तपासा. घडी उघडताना-घालताना मोठं भावंड किंवा बाळ आसपास नको. बिजागरीत बोटं सापडतात, आणि त्या इजा वाईट असतात.

मग अ‍ॅप. सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्या, मूळचा पिन बदला, आणि अ‍ॅप ज्या परवानग्या मागतं त्या एकेक करून वाचा. गाडीचं ठिकाण म्हणजे बाळाचं ठिकाण आणि रोजच्या बाहेर पडण्याच्या वेळा. फोनच्या संपर्कयादीची परवानगी बाबागाडीला कशाला हवी? मी नाकारली, काही अडलं नाही. अ‍ॅपशिवाय गाडी चालते का हेही आत्ताच बघून घ्या. फोन बंद पडला म्हणून मोटर अडून बसत असेल, तर ते रस्त्यात कळायला नको.

पायरी ३: पाण्याच्या बाटल्यांना फिरवून आणा

एक लिटरच्या दहा भरलेल्या बाटल्या चादरीत घट्ट गुंडाळून सीटवर ठेवा आणि पट्ट्यांनी बांधा. झालं दहा किलोंचं बाळ, न रडणारं. आता रहदारी नसलेला सपाट रस्ता आणि एक छोटासा चढ शोधा. इथं घालवलेला अर्धा तास पुढे दोन वर्षं उपयोगी पडतो, म्हणून घाई करू नका.

सुरुवात मोटर बंद ठेवून करा. सरळ चालवा, वळवा, अचानक थांबवा. फुटपाथची कड चढवा: हँडल हलकेच खाली दाबून पुढची चाकं उचलायची, कडेवर टेकवायची, मग मागची. उतरताना गाडी फिरवून घ्यायची आणि मागची चाकं आधी उतरवायची. हे मोटरनं होत नाही, हातानंच होतं. मोटर चालू ठेवून कडेवर चाकं आपटली तर गाडी नेट लावून पुढे रेटत राहते आणि सगळा धक्का सीटवर जातो.

मग मोटर चालू, सर्वांत कमी मदतीवर. सपाटीवर थोडं चाला. गाडी पुढे पळतेय असं वाटलं तर आपण सवयीनं जास्त जोर लावतोय असं समजा. हात सैल सोडायला शिकायला मला तीन-चार दिवस लागले.

चढावर जा आणि मध्यावर थांबून हात सोडा. बाटल्याच आहेत, बघू काय होतं. गाडी लगेच थांबते, की आधी थोडी मागे येते? किती मागे येते? तो अंतराचा अंदाज तुमच्या डोळ्यांत बसला पाहिजे. दुसऱ्या कोणाला गाडीच्या मागे उभं करून ठेवा. हेच उतारावर करा, मग माणूस पुढे उभा हवा. त्यानंतर उतारावर मधेच मोटर बंद करून गाडी नुसत्या हातांनी आवरून बघा. आम्ही नेमकं हेच केलं नव्हतं.

शेवटी एका बाजूला कललेला रस्ता. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून फुटपाथ बहुधा रस्त्याकडे उतरते असतात. अशा जागी जड गाडी सारखी रस्त्याकडे ओढ घेते. काही गाड्यांच्या मोटरी हे सावरतात, काहींच्या नाही. तुमची कुठल्या प्रकारची आहे ते माहीत करून घ्या.

पायरी ४: हातांचा क्रम

बाळासह रोज बाहेर पडताना क्रम असा ठेवा: पायाचा ब्रेक लावा, बाळ ठेवा, पट्टे बांधा, सामान खालच्या जाळीत टाका, एक हात हँडलवर, मोटर चालू, आणि मग ब्रेक काढा. थांबताना नेमका उलटा: गाडी थांबवा, पायाचा ब्रेक, मोटर बंद, मग पट्टे, मग बाळ.

यातला ‘मोटर बंद’ लोक गाळतात. दुकानाच्या रांगेत उभं राहिलं, गाडी आपोआप थांबलीय, ब्रेक लावलाय असं वाटतं. पण मोटरनं थांबलेली गाडी ही थांबवून ठेवलेली गाडी नव्हे. तिला बॅटरी लागते, सेन्सर शहाणा लागतो. पायाच्या ब्रेकला फक्त पाय लागतो. हात सुटणार असेल, मग तो फोन काढायला असो की दाराची कडी उघडायला, तर पाय आधी ब्रेकवर.

पट्टे पाच टोकांचे असतात: दोन खांद्यांवरून, दोन कमरेचे, एक मांड्यांमधून. सगळे लावा, अगदी शंभर पावलांसाठीही. मोटरच्या गाडीत हे जास्तच जरुरीचं, कारण ती कधी झटक्यानं थांबते. खांद्यापाशी पट्टा चिमटीत पकडून बघा, घडी पकडता आली तर तो सैल आहे. जाड स्वेटर किंवा जाकिटावरून पट्टे बांधले तर ते आवळलेले वाटतात, पण नसतात. आधी बांधा, वरून पांघरूण घाला.

हँडलला पिशवी टांगू नका. साध्या गाडीतही बाळ उचललं की पिशवीच्या वजनानं गाडी मागे कलंडते. इथं आणखी एक भानगड आहे. ज्या गाड्यांचा सेन्सर हँडलमध्ये असतो, त्यांना पिशवीचं हेलकावणं कोणीतरी ढकलल्यासारखं वाटू शकतं. गाडी मधेच अडखळते किंवा नको तिथं जोर करते, आणि आपण दुरुस्तीवाल्याला फोन करत बसतो.

मनगटाला अडकवायचा पट्टा मिळतो, बहुतेकांच्या घरी तो खोक्यातच राहतो. तो काढून लावा. उतारावर मनगटात घालायचा, बाकी वेळ लोंबकळू दिला तरी चालेल, फक्त चाकात जाणार नाही एवढं बघायचं.

पायरी ५: रस्ता, लिफ्ट, बस, पाऊस

चढावर सरळ चढा. उतारावर मोटरची मदत असली तरी पावलं छोटी ठेवा आणि गाडीपासून फार मागे राहू नका. हात ताणलेले असले की आवरायला जोर उरत नाही.

रस्ता ओलांडायला थांबताना लक्षात ठेवा की गाडीचं तोंड तुमच्या पुढे हातभर असतं. तुम्ही कडेला उभे राहून वाकून पाहिलंत तर बाळ रस्त्यावर पोचलेलं असतं. एक पाऊल मागे थांबा. रेल्वेच्या फलाटावर गाडी रुळांना समांतर उभी करा, पायाचा ब्रेक लावून. फलाट डोळ्यांना सपाट दिसतो, चाकांना तसा लागतोच असं नाही. गाडी चुकून सरकली तरी तिचं तोंड रुळांकडे नको.

लिफ्टमध्ये शिरताना मोटर बंद करून हातानं ढकला. जागा थोडी असते, समोर माणसं असतात, आणि उंबऱ्याच्या फटीत चाक अडकलं की मोटर नेट लावते. सरकत्या जिन्यावर बाबागाडी नेऊच नका, मोटरची तर नाहीच. बसमध्ये राखीव जागेत ब्रेक लावून आणि मोटर बंद करून उभी करा, कारण बस सुटताना-थांबतानाचा झटका सेन्सरला ढकलण्यासारखा वाटायचा.

पावसाबद्दल माहितीपुस्तिकेत ‘आयपी’ आणि पुढे दोन खुणा असतात, त्यातली दुसरी पाण्याची. तिथं ४ असेल तर चारही बाजूंनी उडणारं पाणी चालतं. पाण्याच्या झोतासाठी निदान ५ हवा, पाण्यात बुडण्यासाठी ७. म्हणजे ४ वाली गाडी पावसाच्या सरीत चालेल, पण साचलेल्या पाण्यातून चाकांच्या आसापर्यंत बुडवून नेणं किंवा पाइपचा फवारा मारून धुणं तिला सोसायचं नाही. घरी आल्यावर बॅटरी काढा, टोकं कोरड्या फडक्यानं पुसा, मगच चार्जिंगला लावा.

उन्हात छत उघडायचं, पण त्यावरून चादर टाकून चारी बाजू बंद करायच्या नाहीत. पातळ सुती चादरीखालीही हवा कोंडते आणि आतली उष्णता भराभर वाढते. बाहेर उभ्या असलेल्या आपल्याला ते कळत नाही.

पायरी ६: झुलवणं आणि झोप

बऱ्याच घरांत मोटरचा सर्वांत जास्त वापर रस्त्यावर नाही, घरात होतो. बटण दाबलं की गाडी जागच्या जागी पुढे-मागे होत राहते आणि मूल झोपतं. याचा मोह मी समजू शकते. रात्री तीन वाजता मीही त्या बटणाला मनोमन धन्यवाद दिलेत.

पण अटी आहेत. जमीन सपाट हवी. गाडी जिना, टेबलाची कड, पडद्याच्या दोऱ्या यांपासून दूर. पट्टे बांधलेले. आणि तुम्ही त्याच खोलीत, जागे. गाडी झुलतेय म्हणून अंघोळ उरकून घेते, हे नाही. बाळ झोपलं की झुलवणं बंद करा आणि जमेल तितक्या लवकर त्याला त्याच्या सपाट, टणक अंथरुणात पाठीवर ठेवा. बाबागाडी आणि कारसीट या नेहमीच्या झोपेच्या जागा नव्हेत, असंच अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकादमी सांगते. बसत्या किंवा अर्धवट कललेल्या सीटमध्ये लहान बाळाची मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणूनच साधारण सहा महिन्यांपर्यंत, म्हणजे मान पक्की होऊन मूल स्वतःहून बसू लागेपर्यंत, सीट पूर्ण आडवी होणारी किंवा पाळणाजोड असलेली गाडीच वापरायची.

काही गाड्यांत पावसाचा, पंख्याचा असा एकसुरी आवाज लावायची सोय असते. स्पीकर बाळाच्या कानापासून हातभर अंतरावर असतो, तेव्हा आवाज सर्वांत खाली ठेवा आणि झोप लागली की बंद करा. मला विचाराल तर ही सोय नसती तरी चाललं असतं. चाकांची खरखर पुरते.

झुलवणं नव्यानं सुरू करताना एक-दोन आठवड्यांत बाळाला त्याची सवय लागते. मग आजीकडे गेल्यावर, गाडी नसताना, ते झोपत नाही. आम्ही ठरवून दुपारची एकच झोप गाडीत आणि बाकी सगळ्या मांडीवर किंवा अंथरुणात, असं केलं. पहिले चार दिवस रडारड झाली.

पायरी ७: बॅटरीची दिनचर्या

वॉट-तास म्हणजे बॅटरीच्या पोटात किती वीज मावते त्याचं माप. आकडा छापलेला नसेल तर व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणा: १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास असतील तर ९० वॉट-तास. मघाची ३० किलोंची गाडी ५० मीटर उंच चढवायला, म्हणजे साधारण सोळा मजले, निव्वळ हिशोबानं ४ वॉट-तास लागतात. मोटरमध्ये आणि चाकांच्या घर्षणात बरीच वीज वाया जाते, म्हणून दुप्पट धरा. तरी ९० वॉट-तासांत बराच डोंगर होतो. मग बॅटरी मधेच का संपते? कारण आदल्या रात्री कोणीतरी ‘मी लावलीय चार्जिंगला’ म्हणालेलं असतं.

आमचा नियम: घरी आल्यावर बाळ आत, बॅटरी चार्जिंगला, मग चपला. आणि बाहेर असताना एक तृतीयांश बॅटरी परतीच्या वाटेसाठी राखून ठेवायची. परतीला उतार असेल तर विशेष करून. चढावर बॅटरी संपली तर फार तर घाम येतो. उतारावर संपली तर काय होतं ते वर सांगितलंच आहे. टक्के कमी दिसले तर चढावर मदत कमी करा, उतारासाठी वाचवा. लोक नेमकं उलटं करतात.

थंडीत बॅटरी कमी पुरते, हा बिघाड नाही. मात्र शून्य अंशाखाली गारठलेली लिथियम बॅटरी तशीच चार्ज करू नका, ती आतून कायमची खराब होते. आधी घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उन्हात बंद कारमध्ये बॅटरी ठेवून जाऊ नका. महिनाभर गाडी वापरायची नसेल तर बॅटरी अर्ध्याच्या आसपास चार्ज करून वेगळी ठेवा. चार्जिंग बाळ झोपतं त्या खोलीत नको, आणि बाहेर पडण्याच्या एकमेव दारात तर मुळीच नको. बॅटरी फुगली, पडून चेपली, किंवा तिला गोडसर-रासायनिक वास आला तर वापर तिथंच थांबवा आणि ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

विमानप्रवासात सर्वसाधारण नियम असा: काढता येणारी बॅटरी सोबतच्या सामानात घ्यायची, सामानकक्षात द्यायच्या गाडीत ठेवायची नाही. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे प्रवाशाला नेता येत नाही. परवानगी आधीच घ्या. टोकांवर चिकटपट्टी लावा म्हणजे किल्ल्या-नाण्यांना टेकून शॉर्ट होणार नाही. जिची बॅटरी निघतच नाही अशी गाडी विमानानं नेणं म्हणजे डोक्याला ताप, घेतानाच विचार करा.

पायरी ८: घरातल्या इतरांना शिकवणं

आमचे सासरे म्हणजे बाळाचे आजोबा. त्यांना गाडी दिली तेव्हा माझा नवरा त्यांना म्हणाला, “बाबा, ही आपोआप थांबते.” एवढंच सांगितलं. आजोबांनी ते मनावर घेतलं आणि शेजाऱ्यांना दाखवायला म्हणून थोड्या उतारावर दोन्ही हात वर केले. गाडी थांबली. पण माझं काळीज थांबायचं राहिलं होतं तेवढं.

त्यानंतर शिकवायची पद्धत बदलली. कोणालाही ‘आपोआप’ हा शब्द सांगायचा नाही. आजी, आजोबा, मावशी, सांभाळायला येणाऱ्या ताई, प्रत्येकाला आधी मोटर बंद ठेवून एक फेरी, बाटल्यांसह. जो माणूस मोटर बंद असताना ती गाडी घराजवळच्या उतारावरून आणू शकत नाही, त्यानं बाळाला घेऊन त्या वाटेनं जायचं नाही, सपाट वाट धरायची. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं की मला ती जड जाते, मी आपली जुनी साधी गाडी घेते. त्या अजून तीच घेतात, आणि बाळाला दोन्ही सारख्याच आवडतात.

मोठ्या भावंडाला हँडल एकट्याला देऊ नका. ढकलायचंच असेल तर मोटर बंद आणि तुमचे हात वरून. मागच्या दांड्यावर चढून उभं राहायलाही देऊ नका. त्यासाठी वेगळी जोड-फळी मिळते, पण मोटरच्या गाडीला ती चालते की नाही हे पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच लावा. आणि दीड वर्षाचं मूल बटणांकडे बघायला लागलं की लॉक वापरायला सुरुवात करा. आमच्या लेकीनं दिव्याचं बटण शोधून काढलं तो दिवस आनंदाचा होता, मोटरचं शोधलं तो नव्हता.

पायरी ९: देखभाल, आणि गाडी चालेनाशी झाली तर

आठवड्यातून एकदा गाडी उलटी करून चाकांच्या आसांत गुंतलेले केस, दोरे, गवत काढा. बरीचशी खरखर तिथंच असते. हवेच्या चाकांत हवा कमी असेल तर गाडी एका बाजूला ओढते, आणि आपण दोष सेन्सरला देतो. दोन्ही चाकांत सारखी हवा हवी. पट्ट्यांचा खटका कोमट पाण्यानं धुवा, तेल घालू नका. महिन्यातून एकदा चढावर, बाटल्या ठेवून, पायाचा ब्रेक एकटा धरतो का ते तपासा.

मोटर अचानक अडखळायला लागली तर या क्रमानं बघा: हँडलला काही टांगलंय का, बॅटरी नीट बसलीय का, टोकं ओली-मळकी आहेत का, चाकात काही अडकलंय का. मग गाडी सपाटीवर उभी करून, हँडलला हात न लावता मोटर बंद-चालू करा. सेन्सरला आपली शून्यस्थिती पुन्हा सापडायला काही गाड्यांत एवढं पुरतं. तरीही गाडी हात न लावता हललीच, तर बॅटरी काढून ठेवा आणि दुरुस्तीला द्या. दुरुस्त होईपर्यंत ती जड, साधी बाबागाडी म्हणून वापरता येते. पायाचा ब्रेक ढिला झाला असेल तर तेवढीही नाही. मोटरचं किंवा बॅटरीचं खोकं घरी उघडू नका, हौस असली तरी.

उत्पादनात दोष सापडला की कंपन्या माल परत बोलावतात. तुमची नोंद त्यांच्याकडे असेल तर त्या तुम्हाला थेट कळवू शकतात, म्हणून खरेदीनंतर गाडीचा क्रमांक नोंदवून ठेवा.

गाडी पुढे कोणाला देणार असाल, तर अ‍ॅपमधून तिची जोडणी काढा, तुमचा पिन आणि जुन्या फेऱ्यांची नोंद पुसा, मूळचा चार्जर आणि पुस्तिका सोबत द्या. बॅटरी किती जुनी आहे ते खरं सांगा. दुसऱ्याची वापरलेली घेणार असाल तर हेच सगळं त्यांच्याकडून मागा, शिवाय गाडी कधी पडली किंवा आपटली आहे का ते विचारा. आमची गाडी गेल्या महिन्यात नणंदेकडे गेली. देण्याआधी तिला आणि तिच्या नवऱ्याला दहा बाटल्या घेऊन त्याच उतारावर पाठवलं, बॅटरी माझ्या हातात ठेवून.